सात पायांचा खेकडा

धोपटमावशीने मला पहिल्याच भेटीत मारलं. ओल्या मांजरपाटाचा पीळ, सणसणीत, डाव्या गालावर. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. खाडीसाठी भांडणाऱ्या आमच्या गटात पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं, आणि आपल्याला कुणी मारेल ही कल्पनाच डोक्यात नव्हती. पत्रकं लिहिणाऱ्याला आपण कायम मार खाणाऱ्यांच्या बाजूचे आहोत असं वाटत असतं. प्रत्यक्ष मार खाल्लेला नसतो.

कारण साधं होतं. सुकापूरला तिच्या दारासमोरच्या गटारात गडद तपकिरी पाणी वाहत होतं. मी बाटलीत ते भरून घेतलं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि तिच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "तुम्ही खाडीत विष सोडताय, याची तुम्हाला लाज वाटते का?" आत एक काळीसावळी, रुंद हाडाची, साठीला आलेली बाई कासोट्यात पातळ खोचून कापड पिळत होती. तिने पीळ सोडला नाही, तोच हाणला. मग खुंटीवरचा स्टीलचा पेला काढला, चुलीशेजारच्या पिंपात बुडवला, त्यातलं तपकिरी पाणी घटाघटा प्यायली, पुन्हा बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"पी. मंग बोल."

मी प्यायले. न पिऊन सांगते कुणाला. जिभेवर पुठ्ठा ठेवल्यासारखं तुरट लागलं.

"ऐनाची साल हाय," ती म्हणाली. "माजी आत्या कोल्यांच्या घरात दिलेली. तिकडं जाली याच पान्यात बुडवायची, म्हंजे कुजत नाय. तुज्या आजीच्या आजीनं खाल्लेला मासा याच रंगाच्या जाल्यातून आलाय. ती बाटली घेऊन कुटं जायचं तिथं जा, पन सांडू नको. झाडाला घाल."

मी "तुम्ही" म्हणून माफी मागायला लागले, तर म्हणाली, "तुमी-बिमी नको. मारल्यावर मानूस घरचा होतो."

धोपटमावशी हे नाव मी ठेवलेलं नाही, ते आमच्या खांदा कॉलनीतल्या बायकांचं. तिच्याकडे कापड आणायला जायचं तर पत्ता लागत नसे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ऐकायचं, धोपटल्याचा आवाज येईल तिकडे वळायचं. सकाळी आठपासून ती धुणं बडवायच्या लाकडी धोपाटण्याने मांजरपाट बडवायची. आधी भिजवून, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून, मग वाळवून पुन्हा. शेजारच्या नव्या इमारतीतल्या लोकांनी तिच्या आवाजाची तक्रार केली होती. ज्यांच्या इमारतीचे खांब ठोकताना तिच्या भिंतीला तडा गेला, त्यांनी. मी यावर पत्रक काढायला निघाले तर तिने मला थांबवलं. "त्यांचं पोर झोपत नसंल, दुपारी एक ते तीन बंद ठेवीन." आणि ठेवलंही. कोणी न सांगता.

तिचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ती ते कापडाला, माणसाला, कुत्र्याला सारखंच लावायची. "मार खाल्ल्याबिगर कापड रंग धरत नाय." मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, ते मारण्यामुळे नाही गं. कोऱ्या कापडात गिरणीची कांजी असते, ती निघते म्हणून रंग आत जातो." तिने हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "तेच सांगतंय मी. कांजी निघाली पायजे. तुजी पन निघाली पायजे."

कात्री तिच्या घरात नव्हती. कापड ती फाडायची. दाताने काठाला चीर द्यायची, दोन्ही मुठींत टोकं धरायची आणि एका झटक्यात आरपार. कानाखाली वाजवल्यासारखा आवाज व्हायचा. पहिल्यांदा येणाऱ्या बायका दचकून मागे सरकायच्या. आमच्या कॉलनीतल्या बायकांना उशीचे अभ्रे, पिशव्या, नातवंडांची दुपटी, डब्यांचे रुमाल असलं काहीबाही घरी शिवायचा छंद लागलेला. त्यांना बाजारातला झगझगीत छाप नको असायचा आणि एका वेळी अर्धा-पाऊण मीटरच लागायचं. मावशी ते हसत न हसत फाडून द्यायची. "कात्री वाकडी चालते आनि सरल चालल्याचं नाटक करते. फाडलेलं सुताच्या धाग्यानं जातं. खोटं बोलत नाय."

फाडण्याआधी ती प्रत्येकीला विचारायची, काय शिवणार. "बघू, छान वाटलं म्हणून घेतेय, ठेवीन कपाटात," असं एक जोशीकाकू म्हणाल्या. मावशीने त्यांच्या पिशवीतून कापड परत ओढलं. काकूही हट्टाच्या, त्यांनी सोडलं नाही. दोन सुशिक्षित हात आणि दोन काळे हात, मधे एक मीटर कापड, आणि भर दुपारी रस्त्यावर रस्सीखेच.

"अहो, मी पैसे दिलेत," काकू म्हणाल्या.

"मंग? लोनचं हाय का ते, मुरत ठेवायला? शिवायचं असंल तवा या."

काकू तीन महिन्यांनी आल्या. शिवलेलं दुपटं दाखवायला. मावशीने टाका ओढून पाहिला आणि म्हणाली, "बरा हाय. पाटीला मऊ लागंल पोराच्या." त्या दिवसापासून काकू तिची जाहिरात करत सुटल्या.

ठसे ती स्वतः कोरायची. विकत आणलेला एकही नव्हता. गव्हाणला तिच्या बापाचं मिठागर होतं, त्यामुळे कमळ, कोयरी, मोर यांच्याकडे ती ढुंकून पाहत नसे. तिच्याकडे मिठाच्या राशी होत्या, दंताळं होतं, चिखलात उड्या मारणारा निवटा होता, तिवराचं पान होतं. आणि खेकडा. तळहाताएवढा, नांग्या वर केलेला, पाठीवर दोन ठिपके. खिळे आणि गूळ आठ-दहा दिवस सडवून केलेल्या काळ्या रंगात ती तो ठसा बुडवायची, कापडावर ठेवायची आणि वरून मूठ हाणायची. ठोसाच. टेबलाखालची भांडी वाजायची.

त्या ठशात एक पाय नव्हता. उजवीकडचा शेवटचा. मी विचारलं तेव्हा तिने अगदी बाजारहाट सांगावा तसं सांगितलं.

"नवऱ्यानं भिंतीवर मारला. मना मारायला फेकलेला, मी वाकली. मंग पाय तुटला. ठशाचा."

"मग?"

"मंग काय. त्या दिवशी हातात धोपाटनं होतं. तो पन वाकला, पन उशीरा." ती थोडं हसली. "तवापासून तो त्याच्या भावाकडं. मेला तवा मी मढ्यावर घालाया कोरा मांजरपाट पाटवला. माजा हात लागलेला नको म्हनून रंगवला नाय."

मी म्हटलं, नवा ठसा कोर ना, तुला दोन दिवसांचं काम. ती म्हणाली, "मोडला तो मोडला. मी पाय परत देतंय ना." आणि खरंच द्यायची. आख्खी रांग ठोकून झाली की बांबूची बारीक काडी काळ्यात बुडवून प्रत्येक खेकड्याला आठवा पाय काढायची. एकही पाय दुसऱ्यासारखा नसे. कुणाचा वाकडा, कुणाचा लांब, एखादा घाईतला. एका कापडावर साठ-सत्तर खेकडे असले तर साठ-सत्तर वेळा ती वाकून नवऱ्याने मोडलेला पाय जोडत असे, तोंडाने शिव्या देत. मारामारी करणारी ती बाई एवढ्या एकाच कामाला हलका हात लावायची.

आता माझ्याकडे येते. आमच्या गटाने पनवेलात एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. स्वतःची नक्षी स्वतः काढणारे, झाडपाल्याचे रंग वापरणारे, कुणाच्याही कारखान्यात नसलेले आठ-दहा लोक, आणि त्यांची घरगुती शिवणकामाची कापडं. मावशीला मी "स्वतंत्र डिझायनर" म्हणून बोलावलं. "मी कसली डिजायनर. मी धोपटनारी. खुर्ची देशील ना बसाया?" एवढंच तिने विचारलं.

पत्रक अर्थातच मी लिहिलं. रासायनिक छपाईचं पाणी खाडीत कसं जातं, स्वस्त चादरीची किंमत निवटा कसा मोजतो, असं सगळं. भाषा जहाल होती. आजही मला त्यातलं एक वाक्यही मागे घ्यावंसं वाटत नाही. पण पत्रकाला चित्र हवं होतं. एका रविवारी तिच्याकडे गेले तेव्हा टेबलावर खेकड्यांची रांग नुकतीच ठोकलेली होती. मावशी पिंपाखालचा जाळ ओढायला परसात गेलेली. मी घाईत मोबाइलवर फोटो काढला आणि पळाले, छापखाना बारापर्यंतच उघडा होता. खेकडा पत्रकाच्या पहिल्या पानावर छापला. डोळ्यांत भरावा म्हणून खऱ्या मापाचा, कडा स्वच्छ करून, पांढऱ्यावर काळा. आणि शेवटच्या पानावर, तळाला, आमच्या प्रत्येक पत्रकावर असते ती ओळ: या पत्रकातील मजकूर व चित्रे कोणीही वापरावीत, छापावीत, वाटावीत.

चळवळीत ही ओळ आम्ही न विचार करता टाकतो. पत्रावर "स. न. वि. वि." लिहावं तशी. आपलं म्हणणं चोरीला जावं, चार हातांनी पसरावं, यातच आमचा आनंद असतो. म्हणणं माझं होतं. खेकडा माझा नव्हता.

प्रदर्शनात मावशीने पत्रक हातात घेतलं, बोट ठेवून पहिल्या दोन ओळी वाचल्या, खेकड्यावर बोट आलं तसं थांबलं. "पाय काडायच्या आदी काडलास व्हय फोटू?" "हो, घाईत." "लंगडा दिसतोय." झालं. तिने पत्रकाची घडी घालून कमरेला खोचली. विषय संपला असं मला वाटलं.

चार-पाच महिन्यांनी आई बाजारातून खुशीत आली. "अगं, मावशीचं कापड आता स्टेशनजवळच्या त्या मोठ्या शोरूममध्येपण मिळतं. सेम टू सेम. आणि किती स्वस्त. मी चार उशांचं घेतलं." तिने पलंगावर पसरलं. तपकिरीवर काळे खेकडे, रांगेत, शिस्तीत. कोपऱ्यावर चिठ्ठी: हातछपाई, नैसर्गिक रंग, पर्यावरणस्नेही. मी पाय मोजले. सगळ्यांना सात. कापडभर, एका मापाचे, एका जागी तुटलेले, शंभर लंगडे खेकडे. मी ओल्या फडक्याने चोळलं, फडक्याला रासायनिक रंगाचा वास आला. मग मी माझ्या खोलीत गेले, जुनं पत्रक काढलं आणि त्या कापडावर ठेवलं. काठाला काठ जुळला.

तेव्हाच सुकापूरला जाऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं? दुसरं पत्रक लिहिलं. "कारागिरांच्या घामावर दरोडा." शेठ चोर, ग्राहक झोपलेले, व्यवस्था विकली गेलेली. सगळे गुन्हेगार त्यात होते, फक्त मी नव्हते. ते पत्रक मी स्वतः मावशीला नेऊन दिलं, वर कापडाचा तुकडाही. तिने तुकडा उजेडात धरला. बराच वेळ. मग शांतपणे विचारलं, "सात पायांचा याला मिलाला कुटून? माज्या घरातून सात पायांचा कदी भायेर गेला नाय."

मी म्हटलं, "चोरांना काय, कुठूनही मिळतं."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे मला वाटलं की बचावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने धोपटायला घेतलं नाही. ती धोपाटणं गोणपाटाच्या पिशवीत घालून आमच्या इमारतीखाली उभी होती. "चल. दुकान दाकव."

शोरूममध्ये ती आधी नीट बोलली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे पोलिसांच्या कागदात "आल्या आल्या हल्ला केला" असं आलं आहे.

"शेट, खेकडा दाकवा."

शेठने तागा उलगडला. "घ्या मावशी. प्युअर हातछपाई. आमचे कारागीर बाहेरून येतात."

"पाय किती खेकड्याला?"

"काय?"

"पाय. मोजा."

"मावशी, घ्यायचं असेल तर घ्या. नाहीतर मागच्या गिऱ्हाइकाला पुढे येऊ द्या."

"आयुष्यात खेकडा बगितला हाय का, का नुसता ताटात?"

मागे दोन बायका हसल्या. शेठने ताग्याला हात घातला, तशी मावशीने काठाला दाताने चीर दिली आणि ओढलं. फाटेना. मिश्र धाग्याचं कापड होतं, ते ताणलं, लोंबलं, पण फाटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर मी त्या क्षणी पहिल्यांदा किळस पाहिली. तोवर राग होता. तिने पिशवीतून धोपाटणं काढलं आणि काचेच्या काउंटरवर घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काच खाली आली. मग ताग्यांच्या मांडणीवर. शेठ ओरडला, दोन कामगार धावले. एकाने तिच्या झिंज्या धरल्या, दुसऱ्याने दंड, आणि तिला फरपटत पायऱ्यांवर आणून टाकलं. शेठने आतून शटर खेचायला घेतलं. धोपाटणं आत राहिलं होतं. ती उठली, वाकली आणि शटरखालून हात घातला.

शटर पूर्ण खाली आलं नाही, कारण मधे मनगट होतं. आवाज मला ओळखीचा होता, ओल्या कापडावर लाकूड पडतं तसा. शटर तिथेच राहिलं, कारण बाहेरच्या कामगाराने त्याच्यावर पाय दिला होता. मी किती वेळ ओरडत होते आठवत नाही. मी त्या माणसाच्या मांडीला चावले, रक्त तोंडात येईपर्यंत. पत्रकात असं काही लिहिता येत नाही. तिथे "कार्यकर्त्यांनी तीव्र निषेध नोंदवला" असं लिहितात. त्याने पाय काढला. मावशी रडली नाही. हात बाहेर काढून तिने तो दुसऱ्या हाताने मांडीवर ठेवला, बाजारातून आणलेली वस्तू ठेवावी तसा, आणि म्हणाली, "धोपाटनं आतच ऱ्हायलं."

उजव्या मनगटाची दोन्ही हाडं गेली. आत धातूच्या पट्ट्या बसवल्या. बोटं हलतील, पण मूठ बसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिने त्यांना विचारलं, "ठोसा?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

पाचव्या दिवशी आम्हाला पोलीस ठाण्यात बोलावलं. शेठ आधीच खुर्चीत बसला होता, चावा घेतलेला माणूस पट्टी बांधून उभा होता. मी चोरीबद्दल बोलायला सुरुवात केली. नक्षी हिची, ठसा हिचा, याने ढापली. अगदी पत्रकासारखी बोलत होते. शेठने मला संपवू दिलं. मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून हवालदारांपुढे सरकवला.

"साहेब, हे यांचंच. शेवटची ओळ वाचा."

हवालदारांनी मोठ्याने वाचलं. "या पत्रकातील मजकूर व चित्रे कोणीही वापरावीत, छापावीत, वाटावीत." चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम?"

मी मान डोलावली.

मावशीने कागद डाव्या हाताने मागून घेतला. उलटला. पहिल्या पानावर खेकडा होता. तिने त्याचे पाय मोजले, बोट ठेवून, एक ते सात. आठव्याच्या जागी बोट थांबलं.

"तुला म्हाईत होतं?"

"हो."

"कापड आनून दिलंस, तवा?"

"हो, मावशी."

ती उठली आणि डाव्या हाताने मला मारलं. ठाण्यात, सगळ्यांसमोर. माझा चष्मा टेबलाखाली गेला. हवालदार पेन टेकवून म्हणाले, "आता हीपण केस घ्यायची का?"

"नाय," मावशी म्हणाली. "ती माजी हाय. तुमी त्याचं लिवा." आणि खाली बसता बसता, दुखऱ्या हाताला सावरत, माझ्याकडे न बघता पुटपुटली, "डावा हात हाय. रंग धरतोय का नाय, काय म्हाईत."

निकाल काय लागला, तेही सांगते. तडजोड झाली. शेठने शटरची तक्रार नको म्हणून काचेची तक्रार मागे घेतली. चोरीचं नावच निघालं नाही, कारण ती ओळ माझ्या हातची होती. ते कापड त्या दुकानात आजही मिळतं, त्याच चिठ्ठीसकट. मी तिसरं पत्रक काढलं, त्यात माझा गुन्हा पहिल्या ओळीत लिहिला. गटातले लोक म्हणाले, आपल्या बाजूची अशी शोभा करू नये. मी तो गट सोडला. या सगळ्याने मावशीची मूठ परत आली नाही.

पोलीस घरी येऊन गेल्यामुळे सुकापूरच्या घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मावशी गव्हाणला भावाकडे जायला निघाली. निघण्याआधी तिने शेवटचं पिंप लावलं. मी मदतीला गेले, तिने हाकललं नाही. धोपटायचं काम मला दिलं. नवं धोपाटणं, नव्या फोडांचे हात. "जोरात. कापड हाय, पाव्हना नाय." दुपारपर्यंत माझे खांदे उतरले. मग तिने खेकड्याचा ठसा डाव्या हातात घेतला. ठोसा बसेना. ती कोपराने दाबायची, अंगाचा भार टाकायची, एकदा तर कपाळ टेकवून दाबलं. खेकडे फिकट आले, तिरके आले, काहींच्या नांग्याच उमटल्या नाहीत. रांग पुरी झाल्यावर मी बांबूची काडी आणून दिली. तिने ती परत केली.

"नाय. आता ज्याचा त्यानं काडायचा."

आणि ठसा पिंपाखालच्या जाळात टाकला. मी काढायला धावले तर तिने पायाने मला अडवलं. जुनं सागवान, वर्षानुवर्षं रंग प्यालेलं, ते हिरवट ज्वाळेने जळलं. त्याच जाळावर त्याच खेकड्यांचं कापड उकळलं.

निरोप घ्यायला कॉलनीतल्या बायका आल्या तेव्हा तिने प्रत्येकीला एक तुकडा दिला. दाताने चीर दिली, एक टोक डाव्या मुठीत, दुसरं जोशीकाकूंच्या हातात, आणि ओढलं. सरळ फाटलं. प्रत्येकीला बजावलं, आठवा पाय घरी जाऊन सुईने काढायचा, आपल्या धाग्याने. आईने लाल लोकरीचा काढला. जोशीकाकूंनी साखळी टाक्याचा, इतका लांब की तो शेजारच्या खेकड्याला लागतो. कुणी पिवळा, कुणी जाड काळा. कॉलनीतल्या पन्नास उशांवर आज पन्नास तऱ्हेचे पाय आहेत, आणि शोरूममधल्या खेकड्याशेजारी ठेवलं तर आंधळ्यालाही फरक कळेल.

माझी पाळी शेवटी आली. एकच खेकडा उरला होता, त्यातल्या त्यात बरा उमटलेला. मी म्हटलं, मी निळ्या धाग्याने काढीन. मावशी रिक्षात बसली होती, पिंप मांडीवर, वाकडा हात पिंपात. ती म्हणाली, "तुज्याला नाय काडायचा. तसाच ठेव. दिसू दे."

रिक्षा सुरू झाल्यावर तिने डाव्या हाताने माझ्या गालावर थापट मारली. हलकी होती. मला तरी हलकी वाटली.

ते कापड मी लिहायला बसते त्या भिंतीवर आहे. अजून पत्रकं लिहिते. शेवटच्या ओळीपाशी पेन थांबतं आणि चित्र कुणाचं ते आधी विचारून येते. घरी येणारं कुणीतरी दर वेळी खेकड्यासमोर उभं राहतं, पाय मोजतं आणि म्हणतं, अगं, याचा एक पाय राहिलाय. मग मी त्यांना बसवते आणि सांगते. ओल्या मांजरपाटाच्या पिळापासून.